पापलेटचे बाबा

मामा कुठल्याही वस्तूला आधी उलट्या हातानं शिवून बघत. पाइप असो, चहाचा ग्लास असो, नाहीतर तापानं फणफणलेलं कुणाचं कपाळ. तळवा कधीच लावायचे नाहीत, नेहमी हाताची मागची बाजू. "तळवा भाजला तर काम अडतं बाय," असं म्हणत.

तुमच्यापैकी कुणी कारखान्यात नोकरी केली असेल तर असा एक माणूस तुम्हीही पाहिला असेल. सगळे त्याला मामा म्हणतात आणि तो नेमका कुणाचा मामा हे कुणालाच ठाऊक नसतं. आमचे मामा बॉयलरवर होते. मी त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. रोज सकाळी साडेसातला ते बॉयलरच्या पाण्याची बाटली तपासायला घेऊन यायचे, दारातच उभे राहायचे आणि विचारायचे, "पाणी कसं हाय आज? रुसलंय का?" पाण्यात क्षार वाढले की त्यांच्या भाषेत पाणी रुसायचं.

बाकी सगळे मला मॅडम म्हणत. मामा 'बाय' म्हणत, कारण बोईसरला आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. मी पहिल्या मजल्यावर, ते तिसऱ्या. मूळचे सफाळ्याच्या आतल्या बाजूचे. थोडी भातशेती होती, ती भावाकडे. घरात मामा, मामी आणि एकुलता हर्षल. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला, त्यामुळे जरा लाडाचाच.

हर्षल तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये मशीन चालवायचा. पहिल्या पगारातून त्यानं टीव्हीला जोडायचा तो खेळाचा डबा घेतला. त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ होता. साधा नव्हे, इंटरनेटवरचा. एक अख्खा बनवलेला देश, त्यात डोंगर, समुद्र, शहरं, आणि त्या रस्त्यांवर कुठकुठली खरी माणसं आपापल्या घरात बसून गाड्या पळवत असत. एकट्यानं खेळायचं म्हटलं तरी नेट लागायचं. नेट गेलं की खेळ तुम्हाला सरळ बाहेर काढायचा. तेव्हा वरून हर्षलची बोंब ऐकू यायची आणि आम्हाला खाली कळायचं की केबल तुटली.

मामांना तो खेळ मुळीच पटायचा नाही. "जायचं कुठं नाय, आणि घाई केवढी!" म्हणत. वाफ तिच्या वेळेनं येते असं शिकाऊ पोरांना तीस वर्षं सांगत आलेला माणूस तो. त्यांना शर्यत कशी पटणार?

मग त्या पावसाळ्यात हर्षलला ताप आला. दोन दिवस साधा वाटला. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर डेंग्यू. पाचव्या दिवशी पालघरहून पुढे मोठ्या इस्पितळात हलवलं. सातव्या दिवशी मामा एकटेच जिना चढून वर आले. मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे चढत गेले. चोवीस वर्षांचा होता.

मामा तेराव्यानंतर कामावर आले. बाटली घेऊन दारात उभे राहिले, पण पाणी रुसलंय का, ते विचारलं नाही. बाटली ठेवली आणि गेले.

दीड-दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी ते माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"बाय, जरा वर ये. त्याच्या त्या खेळात कोणतरी त्याला हाका मारतंय."

मला काही कळेना. वर गेले. मामी मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी डबा पुसताना चुकून बटण दाबलं होतं आणि टीव्ही लागला होता. पडद्यावर निरोपांची रांग होती. हर्षलचं खेळातलं नाव होतं 'पापलेट'. त्याचे दोन जोडीदार होते. एकाचं नाव 'टोलनाका' आणि दुसरीचं 'खटारा'. दोघांनी मिळून त्याला तीसेक निरोप पाठवले होते. मी ते एकेक वाचून दाखवले.

पापलेट, कुठायस? पापलेट भाई, सो गए क्या? भावा, नेट गेलं का? अरे, आजारी आहेस का? आणि शेवटचा, टोलनाक्याचा: रागावलास का रे? त्या दिवशी वळणावर तुला धडक दिली ती चुकून लागली. सॉरी. ये ना.

वाचून झाल्यावर मी मामांकडे पाहिलं.

"कळवायला हवं त्यांना," मी म्हटलं. "मी लिहिते."

पडद्यावरच्या अक्षरांवरून एकेक अक्षर उचलून लिहावं लागत होतं. मी दोन अक्षरं लिहिली असतील, तेवढ्यात मामांनी माझं मनगट धरलं.

"थांब. आज नको."

"मग काय लिहू?"

त्यांनी पडद्यावरच्या शेवटच्या निरोपाकडे बोट दाखवलं. "लिही, रागावलो नाय."

मी तेवढंच लिहिलं. मिनिटाच्या आत उत्तर आलं. पापलेट! आला रे आला! पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मामी उंबऱ्यावरून उठल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

इथं माझी चूक झाली, असं मला अजून वाटतं. त्याच दिवशी मी हट्टानं लिहायला हवं होतं. पण मामांच्या तोंडावर किती आठवड्यांनी काहीतरी हललं होतं. ते पाहिल्यावर माझं बोट पुढे गेलं नाही.

पुढच्या रविवारी मामा कंट्रोलर हातात घेऊन बसले. कुठलं बटण कशाचं हे मी खालच्या मजल्यावरच्या एका खेळणाऱ्या मुलीला विचारून कागदावर लिहून आणलं होतं. खेळात तोंडानं बोलायची सोय होती, पण ती बंद ठेवली. माईक बिघडलाय, असं कळवून टाकलं. मामांना इंग्रजी अक्षरं व्हॉल्व्हवरच्या पाट्या वाचून वाचून येत होती. हळूहळू ते स्वतःच aalo, thamb, chala असं लिहायला शिकले. मोठं काही लिहायचं असलं की मला बोलावत.

त्यांचं गाडी चालवणं बघण्यासारखं होतं. इतरांच्या गाड्या बंदुकीच्या गोळीसारख्या सुटत आणि मामांची गाडी रस्त्याच्या डाव्या कडेनं निघे. सिग्नल लाल झाला की ते थांबत. त्या खेळात सिग्नलला कुणीच थांबत नाही. मागून येणारे अनोळखी गाडीवाले धडाधड आपटून जात.

"काय पण माणसं!" मामा म्हणायचे. "दिसत नाय का लाल?"

मामी मागे तांदूळ निवडत बसत. टीव्हीकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं असे, पण गाडी कुठे घासली की आवाज यायचाच. "जपून! त्याची गाडी हाय."

खेळाबद्दल मामांची मतं तयार होऊ लागली. मला बाटली देताना ते सांगत, "रस्ते झकास केलेत. एक खड्डा नाय. पण बाय, रस्त्यावर एक कुत्रं नाय, शेण नाय, भाजीवाली नाय. घरं हायत आणि घरात माणूस नाय. एवढा मोठा देश करून माणसंच घालायची राहिली." कधी म्हणत, "समुद्र मात्र खरा केलाय. केळव्यासारखा. फक्त वास नाय."

एकदा त्यांची गाडी कड्यावरून खाली गेली. सात-आठ कोलांट्या खाल्ल्या. मामा दचकून उभेच राहिले. तीन सेकंदांत गाडी पुन्हा रस्त्यावर, नवी कोरी. मामा पडद्याकडे बघत राहिले. मग कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्या दिवशी पुढे खेळले नाहीत.

टोलनाका आणि खटारा सुरुवातीला थट्टा करायचे. पापलेट, तू आजोबांसारखा चालवायला लागलास. ब्रेक पे खड़े हो क्या, भाई? पण हळूहळू तेही सावकाश चालवू लागले. रविवारी सकाळी तीन गाड्या एकामागे एक त्या रिकाम्या देशात हिंडत. टोलनाका नांदेडचा होता, शिक्षण संपवून नोकरी शोधत होता. खटारा भोपाळची, तिथल्या एका बँकेत होती. तिघं कधी एकमेकांना भेटलेले नव्हते.

एका रविवारी टोलनाक्यानं लिहिलं की त्याची आई इस्पितळात आहे. ऑपरेशन व्हायचंय. मी घरी आलोय जरा वेळ, पण परत जायचा धीर होत नाही. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, तुलाच सांगतोय.

मामांनी मला हाक मारली. मी येऊन वाचलं आणि म्हटलं, "मामा, हे हर्षलला सांगितलंय त्यानं. आपण वाचायला नको होतं."

"वाचलंय आता," मामा म्हणाले. "लिही. तिच्यापाशी जाऊन बस. बोलू नको काय. नुसता हात धर. डॉक्टर बाहेर बस म्हणतील, तरी तू आत जा. मी बाहेर बसलो होतो..."

"पुढे?"

"पुढचं नको लिहू."

मी बाकीचं लिहिलं. पलीकडून काही वेळानं उत्तर आलं. पापलेट, तू असं कधीपासून बोलायला लागलास रे? आणि मग, जातो.

त्याची आई बरी झाली. मामा त्या आठवड्यात बाटली देताना पुन्हा म्हणाले, "पाणी रुसलंय का?" इतक्या महिन्यांनी प्रथमच. मला रडू आलं आणि मी ते पाण्याच्या रिपोर्टात डोकं घालून लपवलं.

असं आठ महिने चाललं. मग टोलनाक्याचा निरोप आला. त्याला आमच्या शेजारच्या तारापूरच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. तो बोईसरला येत होता. पापलेट, शेवटी भेटणार आपण! स्टेशनवर ये. माझा टी-शर्ट बघून ओळखशील.

मामा भेटीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या दारात आले. "बाय, तू चल. माझ्या तोंडातून निघायचं नाय."

"मामींना सांगितलंत?"

"ती म्हणते, आता तरी सांगा. माझ्या पोराच्या नावानं किती दिवस फिरणार, म्हणते." मग म्हणाले, "खरं हाय तिचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्टेशनबाहेर उभे होतो. मामांनी ठेवणीतला शर्ट घातला होता. तो पोरगा लगेच ओळखू आला. उंच, काटकुळा, अंगात पिवळा टी-शर्ट आणि छातीवर मोठ्या अक्षरांत 'टोलनाका'. तो आपल्या वयाच्या पोरांच्या तोंडाकडे बघत होता. आमच्यावरून त्याची नजर दोनदा फिरली आणि पुढे गेली.

मामाच पुढे झाले. "टोलनाका ना तुमी?"

तो हसला. "हो. तुम्ही पापलेटचे बाबा? तो कुठंय? झोपलाय का अजून?" आणि पिशवीतून तसाच एक टी-शर्ट काढून त्यानं उलगडून दाखवला. त्यावर 'पापलेट' छापलेलं होतं. "तिघांचे केलेत. माप अंदाजानं घेतलंय. बसेल ना त्याला?"

मामांनी तो टी-शर्ट पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच सांगितलं. काय शब्द वापरले ते आठवत नाही. ताप, डेंग्यू, सात दिवस, असंच काहीतरी.

पोरगा रिक्षा स्टँडजवळच्या कट्ट्यावर बसला. त्यानं विचारलं, "कधी?"

मी सांगितलं. तो मनात महिने मोजत असावा.

"म्हणजे इतके दिवस मी कुणाबरोबर चालवत होतो?"

"माझ्याबरोबर," मामा म्हणाले.

"आईचं लिहिलं होतं मी, ते..."

"मीच वाचलं."

"मी ते त्याला सांगितलं होतं, काका." तो म्हणाला. "तुम्हाला नाही. आठ महिने मला कळूसुद्धा दिलं नाही. तो गेल्यावर मी एक दिवस रडलोसुद्धा नाही. हसत होतो. त्याची थट्टा करत होतो."

आजूबाजूचे रिक्षावाले बघायला लागले होते. मामा त्याच्यासमोर हात जोडून उभे होते, शाळेत चुकलेल्या पोरासारखे.

"सांगणार होतो," ते म्हणाले. "दर रविवारी ठरवायचो. पण तुमी त्याला हाक मारायचात. पापलेट ये, पापलेट चल. घरात आता त्याला कोणी हाक मारत नाय, बाळा. नातेवाईक आले तरी नाव टाळतात. तुमी दोघंच मारायचात."

पोरगा उठला. टी-शर्ट घडी न करता पिशवीत कोंबला. "मला उशीर होतोय," म्हणाला आणि समोरच्या रिक्षात बसला. त्याला जायचं होतं ती कंपनी कुठे आहे हे मामा सांगायला गेले, पण रिक्षा निघाली होती.

त्याला ती नोकरी मिळाली की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मामांनी खेळ लावला. पडद्यावर दोन्ही नावांपुढे दिवा विझलेला, म्हणजे दोघंही आलेले नव्हते. भोपाळच्या खटाऱ्याचा एकच निरोप होता. अंकल, उसने बताया. मैं क्या लिखूँ, समझ नहीं आ रहा। मामांनी गाडी सुरू केली, रस्त्याच्या कडेला उभी केली आणि बसून राहिले. काही वेळ गाडी हलली नाही की तो खेळ तुम्हाला बाहेर काढतो. काढलं. मामांनी परत लावला. असे तीन-चार रविवार गेले.

मग एक दिवस टोलनाक्याकडून काहीतरी आलं. निरोप नव्हता, व्हिडिओची एक लांबलचक फीत होती. तो शर्यती टिपून ठेवायचा, मित्रांना दाखवायला. बरोबर एकच ओळ. काका, हे तुमच्याकडं असायला हवं.

मामांनी मला वर बोलावलं. मामी पलंगावर बसल्या. मी फीत सुरू केली.

पडद्यावर तीच गाडी, भरधाव. आणि खोलीत हर्षलचा आवाज. "अरे टोलनाक्या, सरक! सरक ना!" तोच मोठ्यानं हसायचा आवाज. मामींनी चादर मुठीत धरली. मामा जागचे हलले नाहीत.

वीस-बावीस मिनिटं तशीच गेली. मग लांबून एक आवाज आला. "हर्षल! ये रे, भात निवतोय." मामांचाच आवाज. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं.

"आलो बाबा," हर्षल म्हणाला. मग मित्रांना, "थांबा रे, जेवून आलो." खुर्ची सरकली. पडद्यावर गाडी कडेला उभी राहिली. पण माईक चालूच राहिला होता. उभी गाडी खेळानं बाहेर काढू नये म्हणून टोलनाका अधूनमधून हर्षलच्या गाडीला हळूच ढुशी देत होता. आणि मागे आमच्याच इमारतीतलं ते स्वयंपाकघर ऐकू येत होतं. ताटं मांडल्याचा आवाज. पंखा.

"आई, बोंबील अजून हायत?"

"दोन ठेवलेत तुझेच."

"आणि मला एकच?" हे मामा.

"तुमाला पित्त होतं."

तिघं हसले. मग मोरीच्या नळाचं वायसर बदलायचं कुणी, यावर वाद झाला. हर्षल म्हणाला, उद्या आणतो. मामा म्हणाले, तू महिनाभर उद्याच आणतोयस. चमचे वाजत राहिले.

मामी उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. आत कुणी नव्हतं.

पुढे तो खेळच बंद झाला. चालवणाऱ्या कंपनीनं सूचना दिली की अमुक तारखेनंतर हा देश उघडणार नाही. मामींनी विचारलं, "मग त्याची गाडी कुठं जाणार?" मामा म्हणाले, "कुठं नाय. बंद होणार." शेवटच्या दिवशी दुपारी ते एकटेच त्या खोट्या समुद्राकडे गेले. खेळानं बाहेर काढेपर्यंत तिथे उभे होते, असं मामींनी मला नंतर सांगितलं.

निवृत्तीनंतर दोघं सफाळ्याकडे गावी गेले. आता बाटली घेऊन एक तरणा मुलगा येतो. चांगला आहे. पाणी टेबलावर ठेवतो, सही करतो आणि जातो.

गेल्या थंडीत मी त्यांना भेटायला गेले होते. मामा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. खूप वाळलेले. मांडीवर फोन होता. ती फीत भाच्याकडून त्यांनी फोनवर घेतली होती. मी जवळ बसले. पुन्हा तोच पंखा, तीच ताटं, बोंबील, वायसर. पुढे काय येतं ते मला आठवत होतं. खुर्ची सरकते, हर्षल परत येतो, म्हणतो, "झालं रे जेवून, चला." आणि गाडी सुटते.

पण तिथवर पोचायच्या आधीच मामांनी अंगठा ठेवून फीत थांबवली.

"पुढचं नाही ऐकत?" मी विचारलं.

त्यांनी फोन उलटा करून खिशात ठेवला.

"जेवतोय तो," म्हणाले. "जेवू दे."